साडेबावीस नंबर

कारा-कुजुर कुरण,
४ जून २००३

सूनबाई मीरगुल,

मुलं बरी आहेत ना? आमच्या एमिलची ट्रॉलीबस वेळेवर चालते ना? इकडे माणसं धड, जनावरं धड. यंदा बत्तीस शिंगरं झाली, त्यातली दोन लांडग्यांनी नेली.

तुझं पत्र दूधवाल्या ट्रकबरोबर पोचलं. मी बिश्केकला यावं, तुझ्या इस्पितळात डोळे दाखवावेत, असं तू लिहितेस. हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं ते मला ठाऊक आहे. ती बाई, तुझी सासू, या घटकेला माझ्यासमोर बसून हेच पत्र लिहिते आहे. माझे हात खोगिराच्या कामात गुंतलेत, म्हणून लेखणी तिच्याकडे दिली. दुसरं काही कारण नाही.

आता ऐक. मी एकोणसत्तर वर्षांचा. बाप घोड्यांचा पारखी, आजा पारखी. शिंगरू आईच्या पोटाखाली लडबडत उभं असतं तेव्हाच मी सांगतो, हे पळेल, हे ओझं वाहील, हे विकून मोकळे व्हा. कोचकोरपासून नारिनपर्यंत माझा शब्द चालतो. पारख्याला आधी डोळे लागतात असं म्हणणाऱ्याला पारख म्हणजे काय ते कळलेलंच नाही. घोडा ऐकायचा असतो, हाताखाली घ्यायचा असतो. सकाळी इथे धुकं असतं म्हणून पलीकडचा डोंगर मला दिसत नाही, एवढंच. धुक्याचं ऑपरेशन करतात का तुमच्याकडे?

आणि डोळ्यात प्लास्टिक बसवणार म्हणे. मी माझ्या तंबूत प्लास्टिकची बादलीसुद्धा येऊ दिलेली नाही.

सप्टेंबरात कोचकोरला मोठी शर्यत आहे. आमच्या कुरणाचा कोणता घोडा पळवायचा ते मी ऑगस्टअखेर सांगायचंय. मला सवड नाही. तू आपलं डोळ्यात थेंब घालायचं काम नीट कर.

तेमिरकुल

मीरगुल बाळा, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आता हे माझं. ते समोरच बसलेत, खोगिराचा पट्टा चाचपतायत, आणि विचारतायत, ‘अजून काय खरडतेयस?’ मी म्हटलं, ‘पत्ता.’ त्यांना अक्षर दिसत असतं तर त्यांच्या नाकासमोर बसून हे लिहायची माझी छाती झाली नसती.

मे महिन्यात शेजारच्या शार्शेनं तांबडा घोडा दाखवायला आणला. यांनी कान, छाती, गुडघे, सगळं हातानं पाहिलं आणि चारचौघांत म्हणाले, ‘घोडा शर्यतीचा आहे. डोळा बघा याचा, झऱ्याचं पाणी.’ अगं, त्या घोड्याच्या डाव्या डोळ्यावर ताकासारखा पांढरा पडदा. अकरा पुरुष उभे होते, एकानं तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्या पारख्याचा शब्द कोण खोडणार? शार्शे वडीलधाऱ्याच्या मानानं म्हणाला, ‘बरोबर आहे, अताके,’ आणि घोडा घेऊन गेला. यांना अजून पत्ता नाही. आता मान राखायचा म्हणून लोक तोच घोडा शर्यतीला नेतील, तो पहिल्याच वळणावर धडपडेल, आणि सगळा मुलूख हसेल. बाळा, उपास काढेल, पाय मोडला तरी सोसेल, पण हसणं सोसणारा हा माणूस नाही. काहीतरी कर. जीव ओवाळून टाकते तुझ्यावरून.

आपा


बिश्केक,
१२ जून २००३

अताके आणि आपा,

दोघांना वाकून नमस्कार. मुलं मजेत आहेत. धाकटीचा पुढचा दात पडला.

अताके, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. धुक्याचं ऑपरेशन आमच्याकडे होतं. रोज वीस होतात.

बाहुलीच्या मागे प्रत्येकाला जन्मापासून एक भिंग असतं, चपट्या वाटाण्याएवढं आणि काचेसारखं नितळ. वय झालं की ते गढूळ होतं, पिवळट पडतं, मग तपकिरी. धुकं डोंगरावर नसतं, ते त्या भिंगात बसलेलं असतं. आमच्या डॉक्टर वेरा डोळ्याला बारीकशी चीर देऊन ते गढूळ भिंग काढतात. ते ज्या पातळ पिशवीत असतं ती पिशवी जागेवरच ठेवतात आणि तिच्यात नवं स्वच्छ भिंग बसवतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात. डोळा बधिर केलेला असतो, माणूस जागा असतो, सगळं ऐकतो.

आणि लहान तोंडी मोठा घास घेते, माफ करा. तुमच्या घरात सून होऊन आले त्या वर्षी मी थेंब घालत होते. त्याला आता अकरा वर्षं झाली. आता मी डोळे मोजते. डोळा पुढून मागे किती लांब, बुबुळाची गोलाई किती, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं आणि त्यावरून भिंगाचा नंबर काढायचा. भावाचा नंबर भावाला चालत नाही. उजव्याचा डाव्याला चालेलच असं नाही. मी एक मिलिमीटर चुकले तर डॉक्टरांचा हात कितीही सोन्याचा असो, त्या माणसाला धड दिसत नाही. गेल्या वर्षी अडीच हजार डोळे मोजले. शिंगराकडे पाहून तुम्ही सांगता ते मला येत नाही, पण डोळ्याकडे पाहून मी सांगते. तीही पारखच म्हणायची.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच ठरवावी लागेल. जन्माचं भिंग तरुणपणी लांबचं-जवळचं आपोआप जुळवून घेतं. हे नवं भिंग तसं करत नाही. त्याला एकच अंतर द्यायचं. दूरचं घेतलंत तर डोंगर, कळप, घोड्याची चाल चष्म्याशिवाय दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. जवळचं घेतलंत तर उलटं. विचार करून ठेवा.

मीरगुल

आपा, ही घडी वेगळी घातली आहे, ही मोठ्यानं वाचू नका. पडदा पूर्ण पांढरा होईस्तोवर थांबायचं असतं असं तिकडे सगळे म्हणतात, ते जुनं झालं. थांबलं की आतलं भिंग कडक होत जातं आणि काढायला अवघड. त्यांना चिडवू नका. मी मुद्दामच ‘पारख’ लिहिलंय, आता काय बोलतात ते बघा.


कारा-कुजुर,
२२ जून २००३

सूनबाई,

तुझं पत्र आपानं तीनदा वाचलं. दोनदा मी वाचायला लावलं.

अडीच हजार डोळे म्हणतेस. मी आयुष्यात किती घोडे पाहिले ते मोजलं नाही. मोजणारा पारखी नसतो, गुराखी असतो. पण असो. तुझी ती मापाची गोष्ट मला पटली. घोड्याचं मनगट बोटभर जाड की दीड बोट, यावर सगळी शर्यत असते.

इथे लोक वाटेल ते बोलतात. शार्शे म्हणतो, ते भिंग मेंढीच्या डोळ्यातलं असतं. त्याचा मेहुणा म्हणतो, पाच वर्षांनी झिजतं, मग बदलावं लागतं. तू सांग. ते गंजतं का? इथे हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, तेव्हा ते तडकेल का? घोड्यावरून पडलो तर निखळून पडेल का? आणि समोरच्याला ते दिसेल का? माझ्या डोळ्यात काहीतरी चमकतंय असं म्हणत पोरं मागे लागलेली मला चालणार नाहीत.

मी येतो असं म्हटलेलं नाही. फक्त विचारतोय. आणि आलोच तर अंतर दूरचं. घोड्याचे दात मला बोटांनी कळतात, चाल बोटांनी कळत नाही. आणि मोजायचं तूच. परक्या बाईनं माझा डोळा मोजलेला मला खपणार नाही.

तेमिरकुल

बाळा, काल एक गंमत झाली. शार्शे यांना सांगत होता की ऑपरेशनला माणसं मरतात. हे म्हणाले, ‘माझी सून अडीच हजार डोळे मोजते, तू तुझ्या दहा मेंढ्या धड मोजत नाहीस.’ मी बाहेर जाऊन हसून आले. आपा


बिश्केक,
१ जुलै २००३

अताके आणि आपा,

एकेक सांगते. भिंग मेंढीचं नाही, माणसानं बनवलेलं आहे. त्यात ते काळं कडक मुळीच नसतं, त्यामुळे गंजायचा प्रश्न नाही. (आपा, अताके हसत असतील. घोड्याच्या नालेचा धातू सासऱ्याच्या नावात आहे म्हणून मी त्या धातूलाही काळं कडक म्हणते, तर इस्पितळातल्या रशियन बायका मला वेड्यात काढतात.) ते झिजत नाही, जन्मभर टिकतं. डोळा आतून कोमट असतो, तिथे थंडी पोचत नाही. जखम भरली की घोड्यावरून पडलात तरी सहसा हलत नाही, पण पहिला महिना घोडा नाही. जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, सांगितलेले थेंब वेळच्या वेळी. समोरच्याला काही दिसणार नाही. कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी भिंगामागची पिशवी धूसर होते. तेव्हा भिंग काढावं लागत नाही, किरणांनी पाच मिनिटांत ती साफ करतात.

तुम्ही दोन्ही डोळे एकदम करू नका. आधी उजवा. तो स्थिरावला की डावा.

मोजीन मीच. नंबर मीच काढीन, आणि भिंगाची डबी मीच कपाटातून काढून ठेवीन. एकच अडचण होती, ती मी सोडवली आहे. भिंगाची डबी फोडायच्या आधी टेबलाशी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं असतं: नाव, डोळा उजवा की डावा, नंबर. हे मोजणारीनं म्हणायचं, डॉक्टरांनी ऐकायचं, मगच डबी उघडते. हा नियम कोणासाठी मोडत नाहीत. आता मी तर तुमचं नाव घेऊ शकत नाही. म्हणून लारिसा नावाच्या माझ्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय. तुमच्या वेळी ती उभी राहील, नाव ती घेईल. मी दाराबाहेर थांबेन.

पंधरा जुलैला डॉक्टर वेरांनी जागा ठेवली आहे. एमिल बारा तारखेला कोचकोरला घ्यायला येईल.

मीरगुल


बिश्केक,
१८ जुलै २००३

आपा,

घोड्यांचं दूध काढायचं टाकून तुम्हाला येता आलं नाही हे एका परीनं बरंच झालं. मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते.

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधी सांगते. डोळा चांगला आहे. बाकीचं आता वाचा.

त्या दिवशी लारिसाच्या मुलाला ताप आला, ती आलीच नाही. मी दुसऱ्या कोणाला तरी शोधत होते, तेवढ्यात यादी बदलली. अताक्यांच्या आधीच्या म्हाताऱ्याचा रक्तदाब चढला म्हणून त्याला परत खाटेवर नेलं आणि अताक्यांना एक जागा वर घेतलं. भिंगाचा ट्रे मात्र बदलला नाही. मी दारातून पाहिलं तर अताके टेबलावर आडवे, तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक, जुनं भिंग काढून झालेलं, आणि नवी नर्स हातात डबी घेऊन उभी. डबीवर साडेअठरा. आपा, अताक्यांचा नंबर साडेबावीस. दोनदा मोजून, तिसऱ्यांदा पडताळून मी काढलेला.

साडेअठराचं बसलं असतं तर दूरचंही धूसर आणि जवळचंही धूसर. पुन्हा डोळा उघडावा लागला असता.

मी आत धावले. म्हटलं, ‘थांबा, ही डबी यांची नाही.’ डॉक्टर वेरांनी हात थांबवले, मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘मग यांची आण. आणि म्हण.’ मी धावत जाऊन डबी आणली, टेबलाशी उभी राहिले. म्हटलं, ‘आमचे अताके, उजवा डोळा.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘नाव.’ म्हटलं, ‘माझ्या मुलांचे आजोबा.’ त्या म्हणाल्या, ‘मीरगुल, आज यादीत आठ आजोबा आहेत. डोळा उघडा आहे. नावाशिवाय डबी फुटणार नाही, तुला माहीत आहे.’

मग मी घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शेवटच्या ‘उलू’पर्यंत, मोठ्यानं. उजवा डोळा, साडेबावीस. सात माणसं होती खोलीत. कापडाखाली अताक्यांचा हात हलला आणि नर्सनं तो धरून ठेवला. ते नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय दिसतं?’ अताक्यांनी खिडकी पाहिली, डॉक्टरांना पाहिलं, मग माझ्याकडे वळले. पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिलं, शिंगराला पाहतात तसं. आणि एवढंच म्हणाले, ‘घरी जाऊ.’

तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. जेवतात, थेंब घालू देतात, मुलांशी हसतात. मी खोलीत आले की गप्प. काल माझ्या कपाटातून तुमची पत्रं काढून, एमिलचा वाचायचा चष्मा लावून, गच्चीवर दुपारभर वाचत बसले. एमिल म्हणतो, जाऊ दे, उतरेल राग. तुम्ही त्यांना ओळखता, आपा. अकरा वर्षं मी या घरात पाय वाजवून चालले नाही, आणि शेवटी परक्या माणसांसमोर त्यांचं नाव घेऊन बसले. पण खरं सांगू? पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा घेईन. म्हणून माफी मागायलाही जीभ वळत नाही.

तुमची मीरगुल


कारा-कुजुर,
५ ऑगस्ट २००३

मीरगुल बाळा,

आले. दुधाच्या ट्रकमधून, कॅनांच्या मधे बसून. महिनाभर घोडा नाही म्हणून ट्रक, आणि ट्रकमधून उतरलेला माणूस कुरणानं बघितला, त्याचा राग वेगळाच.

उतरल्यावर आधी माझ्याकडे बघत राहिले. मी पदर पुढे ओढला. म्हणाले, ‘तोंड उघड.’ मी म्हटलं, कशाला? म्हणाले, ‘दात बघतो. माझ्या हिशेबानं तू पन्नाशीची होतीस, कोणी फसवलं ते बघायला नको?’ मग माझ्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाले, ही तपकिरी होती, जांभळी कधी झाली? कधी व्हायची, ती जांभळीच होती. बर्फ निळं दिसतं म्हणतात. पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजून दाखवल्या, आणि शार्शेच्या दहा नाहीत, नऊ आहेत, असंही त्याला ऐकवून आले.

आणि मेले गं मी. पत्रं वाचलीयत त्यांनी. माझी, खालची. चहा पिता पिता मला म्हणाले, ‘काय गं, पत्ता लिहायला तुला अर्धं पान लागतं?’ मी कपाळावर हात मारून घेतला. वाटलं आता भांडं फेकतील. पण ते उठले, आणि चालत, होय, चालत शार्शेच्या तंबूपाशी गेले. माणसं बसली होती, तेच अकरा, थोडेफार इकडे तिकडे. तांबडा घोडा बांधलेला. त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, ‘मे महिन्यात मी या डोळ्याला झऱ्याचं पाणी म्हणालो. डोळा आंधळा आहे. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही ते लपवलंत. आता दोघांनीही बंद करू.’ सेहेचाळीस वर्षांत या माणसानं चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. बाळा, मी तंबूमागे जाऊन उगीचच दोरी वळत बसले.

तुझ्याबद्दल मात्र अक्षर नाही. विचारलं तर म्हणतात, ‘ते माझ्याकडे आहे.’ याचा अर्थ मला लागत नाही. मी स्वतः सेहेचाळीस वर्षं ‘मुलांचे बाबा’ म्हणत आले. तुझं पत्र वाचल्यावर कुरणात एकटी गेले, म्हटलं, बघू तरी घेता येतं का. घोड्या होत्या समोर, दुसरं कोणी नव्हतं. नाही फुटलं तोंडातून. तुझ्यात कुठून आलं एवढं बळ?

आपा


बिश्केक,
१४ ऑगस्ट २००३

अताके,

आता तुम्हाला स्वतः वाचता येतं, म्हणून तुम्हालाच लिहिते. थेंब सप्टेंबरपर्यंत चालू ठेवा. भिंगाबरोबर दिलेलं कार्ड जपून ठेवा, त्यावर भिंगाचा नंबर आहे. पुढे कुठल्याही डॉक्टरला तो लागेल.

मी जे केलं ते तुमच्या डोळ्यासाठी केलं. तुमचा अपमान झाला असेल तर तो सगळा माझ्या माथी. डाव्या डोळ्याच्या वेळी मी सुट्टी घेईन, लारिसा मोजेल. ती चांगली आहे.

मीरगुल


कोचकोर,
२२ सप्टेंबर २००३

सूनबाई,

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर वेडंवाकडं असेल, चार वर्षांनी लेखणी धरतोय. चष्मा बाजारातून आणला, म्हाताऱ्या मास्तरासारखा दिसतो त्यात, पण वाचायलाच लावतो.

काल शर्यत झाली. ऑगस्टअखेर मी निवडलेला घोडा शार्शेचाच होता, पण तांबडा नाही. त्याचा एक करडा तीन वर्षांचा आहे, दिसायला गाढवाचा चुलतभाऊ, शार्शे त्याच्यावरून पाणी आणायचा. मी त्याला लांबवरून उतारावर येताना पाहिलं. मागचा पाय पुढच्याच्या ठशाच्याही पुढे पडत होता. हे हाताखाली कळत नाही, दुरूनच दिसायला लागतं. लोक तोंडावर हो म्हणाले आणि मागे हसले, मला दिसतं आता. मी सांगितलं, पहिल्या तिनात येईल. बेचाळीस घोडे पळाले. तिसरा आला.

मग मला मैदानात उभं केलं. आपली रीत तुला माहीत आहे, पारख्यानं चारचौघांत सांगावं लागतं की नजर कोणाकडून आली. माझ्या बापानं त्याच्या बापाचं नाव घेतलं होतं, मी आजवर बापाचं घेत आलो. काल मी म्हणालो, ‘पारख बापाची. नजर माझ्या सुनेची, मीरगुलची. तिनं मोजलेली, साडेबावीस नंबर.’ दोन हजार माणसं होती. पहिल्या रांगेत आपा रडत होती आणि म्हणत होती की डोळ्यात धूळ गेली.

आता मी गप्प का होतो ते ऐक. रागावलो होतो, पण तुझ्यावर नाही. कापडाखाली मला काही दिसत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीण शांत, नर्स घाबरलेली, आणि तू दारातून ओरडलीस. मग चाचरलीस. आमचे अताके म्हणालीस, मुलांचे आजोबा म्हणालीस. मी आतून म्हणत होतो, घे, पोरी, घे, कशाला थांबलीस. हात हलला तो त्यासाठी. मग तू घेतलंस. माझं नाव आजवर फौजेतल्या अधिकाऱ्यानं घेतलं, शर्यतीत पुकारणाऱ्यांनी घेतलं, पण इतक्या जबाबदारीनं कोणी घेतलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी तुला नीट पाहिलं. लग्नात तू पडद्याआड होतीस आणि नंतर माझ्या डोळ्यांत गढूळ साचत गेलं. मला वाटलं, हा मी कसला पारखी? अकरा वर्षं माझ्या दारात हे बळ होतं आणि मी त्याला थेंब घालणारी म्हणत होतो. तांबड्या घोड्याच्या वेळी एका डोळ्यात चुकलो, तुझ्या वेळी दोन्ही डोळ्यांनी. ती चूक लोकांसमोर सांगितल्याशिवाय तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. काल सांगितली, आज लिहितोय.

आता तुझी ती सुट्टी आणि ती लारिसा. ते काही चालायचं नाही.

घरात मी थोरला, तू धाकटी, म्हणून माझं नाव तू घ्यायचं नाहीस. ते तसंच राहील. रीत मोडण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. पण तिथे मी आडवा असतो आणि तू उभी असतेस, मला काही कळत नाही आणि तुला सगळं कळतं. त्या खोलीत थोरली तू. थोरल्यानं धाकट्याचं नाव घ्यायचंच असतं, त्यात पाप कसलं?

सात ऑक्टोबरला डाव्या डोळ्यासाठी येतो. लारिसाला बाहेर बसव. नंबर तू मोज, डबी तू आण, नाव तू घे. या वेळी चाचरायचं नाही, आणि आवाज शेवटच्या खाटेपर्यंत गेला पाहिजे. सगळ्यांना कळू दे, कोणाचा सासरा आत निजलाय ते.

तेमिरकुल असान-उलू